जुन्या गाड्यांचा चर्चामंच हलवायचाय, कुठं नेऊ?

ताईंना सप्रेम नमस्कार,

आम्ही कोल्हापुरातले आठ-दहा मित्र जुन्या दुचाक्यांचे हौशी. जावा, येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा. 2009 साली पीएचपीबीबी या फुकट मिळणाऱ्या मंच-सॉफ्टवेअरवर एक ऑनलाइन चर्चामंच काढला. आज नोंदलेले सदस्य अकराशेच्या वर आहेत, त्यातले नेमानं लिहिणारे तीस-चाळीस. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुणे, सगळीकडचे. 2019 च्या महापुरात बुडालेल्या गाड्या कशा उघडायच्या यावर एक मोठा धागा, म्हणजे एका विषयावरची सलग चर्चा, झाला होता. 2021 ला पाणी आलं तेव्हा लोकांनी तोच धागा काढून वाचला. त्याची काही पानं सोबत पाठवतोय.

आता होस्टिंगवाल्यांनी (ज्यांच्या सर्व्हरवर मंच आहे त्यांनी) कळवलंय की तीन महिन्यांत जुनी पीएचपी, म्हणजे मंच जिच्यावर चालतो ती संगणकभाषा, बंद होणार. मंच मोबाइलवर नीट दिसत नाही, स्पॅम फार येतो. तरणी पोरं म्हणतात सरळ व्हॉट्सॲप नाहीतर टेलिग्रामवर जाऊ. आमचा एक सदस्य बंगळुरात आयटीत आहे, त्याचं म्हणणं डिस्कोर्स हे दुसरं मंच-सॉफ्टवेअरच घ्या. आमचे मिस्त्री काका बहात्तर वर्षांचे, ते म्हणतात आहे तेच राहू दे, नवीन मला उमगायचं नाही. वर्गणी वर्षाला सात-आठ हजार जमते. बॅकअप बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे असेल. नेमकं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "बॅकअप बहुतेक होस्टिंगवाल्यांकडे असेल." सॉफ्टवेअरचं पुढं बोलूच, पण आज रात्री जेवण झालं की पहिलं काम हे करा: बॅकअप स्वतःच्या हातात घ्या.

तुम्ही पाठवलेली पानं मी वाचलीत, म्हणून इतक्या कळकळीनं सांगते. पहिलीच ओळ, "पाण्यातनं काढलेल्या गाडीला किक मारू नका." मग प्लग काढा, टाकी रिकामी करा, गिअरबॉक्सचं ऑइल दुधाच्या चहागत दिसतंय का बघा, मॅग्नेटोचं झाकण उघडा. खाली एकामागून एक अकरा फोटो. चौथ्या फोटोत काकांचा ऑइलनं काळा झालेला अंगठा पॉइंटवरच्या हिरव्या गंजाकडं बोट केल्यासारखा दिसतो. त्याखाली कुणीतरी रात्री साडेबारा वाजता विचारलंय, "काका, क्रँकमधलं पाणी कसं काढू?" आणि काकांनी पावणेएकला उत्तर दिलंय. हे कुठल्या कंपनीच्या मॅन्युअलात नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. आज त्या गाड्यांची खरी माहिती तुमच्यासारख्यांच्या बोलण्यात आणि उद्यमनगरातल्या लेथवर राहिलीय. ती तुम्ही लिहून ठेवलीत, फोटोसकट, तारखांसकट. ही तुमची इस्टेट. सॉफ्टवेअर म्हणजे तिच्यावरचं छप्पर.

तालमीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. छप्पर गळायला लागलं तर पत्रे बदलतात. हौद्यातली माती मात्र कुणी उचलून टाकत नाही. तिला तेल, ताक, हळद घालून पिढ्यान् पिढ्या जपतात. तेव्हा "कुठलं सॉफ्टवेअर चांगलं" या प्रश्नाच्या आधी मी दोन प्रश्न विचारीन. आमची पंधरा-सोळा वर्षांची माती हे सॉफ्टवेअर आहे तशी आत घेईल का? आणि उद्या निघायचं म्हटलं, तर सगळी परत देईल का? या दोन्हीला "हो" मिळालं की मगच रूपरंगाकडं बघायचं.

आता बॅकअप. पीएचपीबीबी लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये ठेवतं आणि सदस्यांनी चढवलेले फोटो "फाइल्स" नावाच्या फोल्डरमध्ये. ते फोल्डर एकदा उघडून बघा. आत "क्लच प्लेट" किंवा "मॅग्नेटो" असं काही दिसणार नाही. आधी सदस्याचा क्रमांक, मग आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ, आणि शेवटी जेपीजी वगैरे काहीच नाही. कुठला फोटो कुठल्या धाग्यातला, त्याचं मूळ नाव काय, हे सगळं डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे नुसतं फोल्डर जपलं तर हजारो बिननावाच्या फायली हातात येतात, आणि नुसता डेटाबेस जपला तर फोटोंच्या जागी रिकामी चौकट. दोन्ही एकाच रात्री, मंच थोडा वेळ बंद ठेवून, एकत्र घ्यायचे. सोबत कॉन्फिग फाइल, म्हणजे मंचाच्या सेटिंगची फाइलही घ्या.

डेटाबेस मोठा असेल तर ब्राउझरमधून उतरवताना मध्येच तुटतो, आणि तुटला हे कुणी सांगत नाही. फाइल तर दिसते, आकारही बरा दिसतो, पण 2016 नंतरचं त्यात काही नसतं. म्हणून होस्टिंगवर कमांडची सोय असेल तर मायएसक्यूएलडंप ही डेटाबेस उतरवायची कमांड वापरा आणि फाइलीची शेवटची ओळ बघा. काम पुरं झालं असेल तर तिथं "डंप कम्प्लीटेड" लिहिलेलं सापडतं. मग बंगळूरच्या त्या मुलाला सांगा, हा बॅकअप स्वतःच्या लॅपटॉपवर, जुन्या पीएचपीसह, चढवून मंच चालू करून दाखव. महापुराचा धागा उघडला, अकराही फोटो दिसले, तरच बॅकअप झाला म्हणायचं. लॅपटॉपवर उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

त्याच्या तीन प्रती करा. एक तुमच्याकडं, एक ऑनलाइन साठवणीत आणि एक बंगळुरात त्याच्याकडं. पंचगंगेच्या पाण्यात कितीतरी घरांच्या तळमजल्यावरचे कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क गेल्या, ते तुम्ही 2019 ला डोळ्यांनी बघितलंय. एक प्रत नदीच्या खोऱ्याबाहेर असलीच पाहिजे.

फोटोंचं आणखी एक, आणि हे मी स्वतः सोसलंय. मी नऊ वर्षं बागकामाच्या हौशी मंडळींचा असाच एक मंच सांभाळत होते. त्या वेळी जागा कमी म्हणून आम्हीच सदस्यांना सांगायचो, फोटो बाहेरच्या फुकट साइटवर ठेवा आणि इथं फक्त दुवा द्या. एक दिवस त्या साइटनं नियम बदलले आणि एका सकाळी आमचे सगळे गुलाब गेले. सगळीकडं एकच राखाडी चौकट. आमच्या एका आजोबांनी गुलाबाचा डोळा कसा भरायचा हे सात फोटोंत दाखवलं होतं. मजकूर शिल्लक राहिला, "फोटो क्रमांक चारमध्ये दाखवल्याप्रमाणे काप घ्या" असा, आणि चार नंबरचा फोटो कुणाकडंच नव्हता. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. मला ते अजून लागतं.

तुमच्या मंचावर 2009 ते 2015 च्या काळातले असे बाहेरचे फोटो नक्की असतील. टायनीपिकसारखी साइट 2019 मध्ये बंदच झाली, तिथले गेले ते गेले. पण जे अजून दिसतायत ते आत्ताच उतरवून घ्या. तुमच्या पोरांना हे काम द्या. पाच जण रोज अर्धा तास बसले तर पंधरवड्यात महत्त्वाचे धागे होतील. कुठले महत्त्वाचे, हे मिस्त्री काकांना विचारा.

आता तुमच्या तीन तटांकडं येते.

पोरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ती व्हॉट्सॲपवर का जातायत ते बघा. काकांनी गॅरेजमध्ये मोबाइलवर फोटो काढला, तो चार-पाच एमबीचा. पीएचपीबीबीत जोडलेल्या फाइलीची मर्यादा सुरुवातीला 256 केबी ठेवलेली असते आणि बहुतेक ॲडमिन ती कधीच बदलत नाहीत. फोटो चढला नाही, काकांनी तो व्हॉट्सॲपवर टाकला, उत्तरं तिथंच आली, आणि मंचावर तो प्रश्न कधी आलाच नाही. असं रोज घडत असेल. त्यात तुमचा मंच मोबाइलवर एवढ्याशा अक्षरांत दिसतो. माझ्या मते पोरं मंचाला कंटाळलेली नाहीत, अडचणीला कंटाळलीत.

पण व्हॉट्सॲपवर सगळंच नेलं तर पुढच्या पुरात काय होईल? ग्रुपमध्ये 1024 जणांची मर्यादा, तुमचे नोंदलेले सदस्यच त्याहून जास्त. प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसणार. आणि दोन वर्षांपूर्वीचा काकांचा फोटो शोधायला कुणी "शुभ सकाळ"च्या ढिगातून बोटानं मागं मागं सरकत जाणार नाही. टेलिग्राम त्या मानानं बरं. ग्रुप दोन लाखांपर्यंत जातो, नव्या माणसाला जुनं बोलणं दाखवता येतं, आणि कॉम्प्युटरवरच्या ॲपमधून सगळा संवाद उतरवूनही घेता येतो. पण तिथंही बोलणं एका ओढ्यासारखं वाहतं. क्लचवरचं उत्तर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुणाच्या तरी विकाऊ लॅम्ब्रेटाचा फोटो, सगळं एकाखाली एक. फेसबुक ग्रुपमधून सगळा मजकूर आणि फोटो एकगठ्ठा काढून न्यायची सोय ॲडमिनला नाही, त्यामुळं माझ्या दुसऱ्या प्रश्नावरच ते बाद होतं.

ऑर्कुटवर किती हौशी कम्युनिटी होत्या आठवतं? ते 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. याहू ग्रुप्सवरचा जुना मजकूर डिसेंबर 2019 मध्ये काढून टाकला आणि पुढच्या डिसेंबरात ती सेवाच संपली. दोन्ही ठिकाणी लोकांनी जीव ओतून लिहिलं होतं. उलट मराठी संकेतस्थळांपैकी मायबोली 1996 पासून आणि मिसळपाव 2007 पासून स्वतःच्या जागेत आहेत आणि तिथलं जुनं लिखाण आजही उघडतं. तेव्हा टेलिग्रामचा कट्टा जरूर ठेवा, "रविवारी पन्हाळ्याला कोण येतंय" हे तिथंच बोला. पण दुरुस्तीचा प्रश्न मंचावरच, एवढा नियम करा. कट्ट्यावर चांगलं उत्तर आलं तर ते मंचावर उतरवायची जबाबदारी एका पोराकडं द्या.

बंगळूरच्या मुलाचा डिस्कोर्सचा आग्रह चुकीचा नाही. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे. 2013 मध्ये आलं, मुक्त आहे, मोबाइलवर छान चालतं. पीएचपीबीबीतून धागे, सदस्य, फोटो आत घ्यायची तयार स्क्रिप्ट त्यांच्याकडं आहे आणि सगळा बॅकअप एका बटणावर बाहेर येतो. म्हणजे माझ्या दोन्ही प्रश्नांना "हो". त्यात टॅगची, म्हणजे धाग्याला विषयाची चिठ्ठी लावायची सोय आहे, जी तुमच्या फार कामाची. आणि कुणी बाहेरच्या फोटोचा दुवा दिला तर तो फोटो ते स्वतःकडं उतरवून ठेवतं. माझ्याकडं तेव्हा हे असतं तर आजोबांचा चार नंबरचा फोटो वाचला असता.

तरी यंदा तुम्ही तिकडं जाऊ नये असं मला वाटतं, आणि त्याची कारणं तुमच्या माणसांत आहेत. डिस्कोर्स साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर, चालत नाही. त्याला स्वतंत्र सर्व्हर लागतो, किमान 1 जीबी मेमरी, खरं तर 2 असावी. त्यावर डॉकर हे ते चालवायला लागणारं आणखी एक सॉफ्टवेअर, आणि मेल पाठवायची वेगळी, भरवशाची व्यवस्था. सात-आठ हजारांत ओढाताण करून पैसे बसतीलही. पण मंगळवारी रात्री अकराला ते बंद पडलं तर कोण उठणार? आज उत्तर एकच आहे, बंगळूरचा मुलगा. उद्या त्याचं लग्न होईल, नोकरी बदलेल, तो परदेशी जाईल. ज्या गाडीचं काम एकाच मिस्त्रीला येतं ती गाडी त्या मिस्त्रीची होते, हे तुमच्याच मंचावरचे लोक एकमेकांना सांगतात.

दुसरं कारण पासवर्डचं. पीएचपीबीबीतून डिस्कोर्सवर गेल्यावर वेगळी खटपट केली नाही तर जुने पासवर्ड चालत नाहीत. प्रत्येकाला मेलवरून नवा घ्यावा लागतो. तुमचे 2009 चे सदस्य कुठल्या मेलनं नोंदलेत? निम्म्यांचा रेडिफमेलचा पत्ता असणार आणि त्यांनी तो दहा वर्षांत उघडलेला नसणार. नव्या पासवर्डचा दुवा तिथं जाऊन पडेल आणि माणूस दारातच थांबेल. पोरं मार्ग काढतील. काका आणि त्यांच्या वयाचे लोक एकदा प्रयत्न करतील, जमलं नाही की गप्प बसतील. ते गप्प बसले तर मंचाचं काय राहतं?

आणि एक बारकी गोष्ट, पण काकांचा स्वभाव बघता सांगते. डिस्कोर्समध्ये मूळ सेटिंगनुसार वीस अक्षरांहून लहान उत्तर घेतलं जात नाही आणि पंधराहून लहान शीर्षक चालत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांत काकांचं एक उत्तर आहे, "पॉइंट घासून बघ." तेवढंच, आणि त्यानं गाडी चालू झालीय. ॲडमिनला ही मर्यादा कमी करता येते. पुढंमागं तिकडं गेलात तर पहिल्याच दिवशी करा.

बाकीच्या मंच-सॉफ्टवेअरांविषयी थोडक्यात. झेनफोरो चांगलं, पण परवाना विकत घ्यावा लागतो आणि पुढच्या सुधारणांसाठी दरवर्षी पैसे. फ्लॅरम हलकं आणि देखणं, पण वयानं लहान. तुमच्या ओझ्याला मी ते सुचवणार नाही.

मग घ्यायचं काय? पीएचपीबीबीच. पण आजचं.

तुमचा मंच पीएचपीबीबीच्या 3.0 या आवृत्तीवर आहे, असं तुम्ही पाठवलेल्या पानांच्या तळाशी दिसतं. ती पिढी डिसेंबर 2007 ची. त्यानंतर 3.1 आली, 3.2 आली, आणि जानेवारी 2020 मध्ये 3.3. मोबाइलच्या पडद्यावर आपोआप नीट बसणारं रूप 3.1 पासून आलं. एकदम अनेक फोटो निवडून चढवायची सोयही तेव्हापासूनची. म्हणजे ज्या दोन गोष्टींनी पोरं पळतायत त्या या घरातच केव्हाच सुधारल्यात, तुमच्यापर्यंत पोचल्या नाहीत इतकंच. 3.3 आजच्या पीएचपीवर चालते, तुमच्या साध्या होस्टिंगवर चालते, फुकट आहे. 3.0 वरून थेट 3.3 वर जाता येतं. सदस्यांची नावं, पासवर्ड, धाग्यांचे क्रमांक सगळे तेच राहतात, म्हणून गेल्या पंधरा वर्षांत लोकांनी कुठंकुठं दिलेले तुमचे दुवेही तुटत नाहीत. आणि काकांना पान ओळखीचं वाटेल.

अडचण एकाच ठिकाणी येईल. 3.0 च्या काळात जादा सोयी हव्या असल्या की मूळ फायलींतच कोड घुसवायचे, त्याला मॉड म्हणायचे. तुम्हीही दोन-चार बसवले असतील. ते नव्यात चालणार नाहीत. कुठले बसवलेत त्याची यादी करा, त्यातलं खरोखर कुठलं लागतं ते ठरवा, आणि तेवढ्यापुरतं 3.3 साठीचं एक्स्टेन्शन, म्हणजे मूळ फायलींना हात न लावता बसणारी जोड, मिळतं का बघा. बहुतेकांवाचून अडणार नाही.

हे थेट चालू मंचावर करू नका. आधी बॅकअपवरून एक प्रत वेगळ्या पत्त्यावर उभी करा, ती 3.3 वर न्या, आणि दहा जणांना तिथं आठ दिवस वावरू द्या. त्यात मराठीची परीक्षा मुद्दाम घ्या, कारण ही सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्यांनी देवनागरी समोर ठेवून ती लिहिलेली नसतात. जुने धागे उघडून अक्षरं शाबूत आहेत का बघा. डेटाबेस चुकीच्या पद्धतीनं उतरवला तर "गिअर"च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं उमटतात. मग शोध करून बघा. "दुसऱ्या गिअरला गाडी उसळते" यातला "दुसऱ्या" घ्या. त्यातला अर्धा र वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन रीतींनी टाइप होतो. डोळ्यांना अगदी सारखा दिसतो, पण आत अक्षरांची रांग वेगळी, म्हणून एका रीतीनं शोधलं तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडेलच असं नाही.

त्याहून मोठी पंचाईत आपल्या लिहिण्याची. तुम्ही पाठवलेल्या पाचच पानांत मला कार्ब्युरेटर, कार्बोरेटर आणि कारबुरेटर असे तिन्ही सापडले, येझदी आणि यझदी दोन्ही. यावर कुठलंच सॉफ्टवेअर उपाय करत नाही, माणसंच करतात. मॉडरेटरनं, म्हणजे मंचावर देखरेख करणाऱ्यानं, धाग्याच्या शीर्षकात गाडीचं नाव आणि भागाचं नाव एका ठरलेल्या स्पेलिंगनं घालायचं. अशी पन्नासेक शब्दांची यादी काकांसोबत बसून करा. ती यादी पुढं डिस्कोर्सवर गेलात तर टॅग म्हणून जशीच्या तशी उपयोगी पडेल.

स्पॅमचा उपाय तुमच्या हाताशी आहे. पीएचपीबीबीत नोंदणीच्या वेळी स्वतःचा प्रश्न विचारता येतो. वाकडीतिकडी अक्षरं वाचायला लावण्यापेक्षा मराठीत विचारा, "कोल्हापुरात तांबड्याच्या जोडीला कुठला रस्सा?" किंवा "येझदीला किक आणि गिअरचे मिळून दांडे किती?" आपल्या माणसाला उत्तर येतंच. असे पाच-सहा प्रश्न ठेवा आणि अधूनमधून बदला. नव्या सदस्याची पहिली दोन-तीन लिखाणं मॉडरेटरनं बघूनच पुढं सोडायची सोयही आहे, ती चालू करा. आणि फोटोची 256 केबीची मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवा. होस्टिंगची स्वतःची मर्यादाही वेगळी असते, ती त्यांना विचारून घ्या.

आणखी एक, याच आठवड्यात तपासा. तुमच्या साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? 2009 साली ज्या मित्राच्या कार्डवरून घेतलं तो आज कुठं आहे, नूतनीकरणाची सूचना त्याच्या कुठल्या मेलवर जाते? सॉफ्टवेअर बिघडलं तर दुरुस्त होतं, पण डोमेन हातचं गेलं तर दुसरा कुणीही ते विकत घेऊ शकतो. ते अशा मेलवर आणा जो तुमच्यातले किमान दोघे उघडू शकतात. होस्टिंगचा, डेटाबेसचा, ॲडमिनचा पासवर्डही दोघांकडं. एक कोल्हापुरात, एक बाहेर.

तीन महिने पुरेसे आहेत. पहिला महिना बॅकअप आणि फोटो, दुसरा महिना प्रतीवरची चाचणी, मग एखाद्या शनिवारी रात्री मंच बंद करून खरी बदली आणि रविवार दुरुस्तीला हाताशी. मध्ये गणपती येत असतील तर त्या दिवसांत हात घालू नका, मिरवणुकीच्या रात्री फोन कुणी उचलत नाही. बदलीच्या आधी महिनाभर वर पट्टी लावा, "आपला मेल पत्ता तपासून घ्या." त्या पट्टीचा फायदा पुढच्या कुठल्याही बदलीला होईल.

बंगळूरच्या मुलाला तुम्ही नाही म्हणताय असं वाटू देऊ नका. बॅकअपची आणि चाचणीची सगळी सूत्रं त्याच्याकडंच द्या, पण एक अट घालून: हे काम तो कोल्हापुरातल्या एका पोराला शिकवेल. वर्षभरानं मंच नीट चालला, सर्व्हर सांभाळणारे दोन हात तयार झाले, तर डिस्कोर्सचा विचार पुन्हा करा. तेव्हा त्याला मीच दुजोरा देईन.

आणि नव्या प्रतीवर पहिला फोटो काकांकडून चढवून घ्या. एखाद्या रविवारी सकाळी त्यांच्या गॅरेजात जा, मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्या, आणि तुम्ही फक्त बाजूला बसा. ते कुठं अडतात, कुठलं बटण शोधतात, चष्मा कधी वर करतात, ते वहीत लिहून घ्या. त्या वहीत जे येईल ते आधी दुरुस्त करा, मगच सगळ्यांना दार उघडा.

बॅकअप लॅपटॉपवर उघडून महापुराचा धागा दिसला की मला दोन ओळी लिहून कळवा. अकराही फोटो आले का, तेवढं नक्की लिहा. काकांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
ताई